वाढत्या अंगाची गिटार

कॅम्प चारमधल्या वाद्यांच्या त्या दुकानात शेठने आमच्यासमोर दोन गिटारी काढून ठेवल्या. एक माझ्या मुलीने उचलून मांडीवर घेतली. दुसरीकडे बोट दाखवून मी म्हटलं, "शेठ, इसका पेट खोलके दिखाओ." सगळं तिथेच चुकलं. पण तेव्हा मी एवढ्या तोऱ्यात होते, की कुणी तसं सांगितलं असतं तर त्यालाच चार शब्द ऐकवले असते.

शेठ हसायला लागला. "भाभी, इतने साल से धंधा करता हूँ, गिटार का पेट आज तक किसीने नहीं खुलवाया."

"तो आज खोलो ना."

ढोलक्या, बेंजो आणि कीबोर्डच्या पसाऱ्यातून त्याने एक स्क्रूड्रायव्हर शोधून काढला, गिटारच्या छातीवरची पांढरी प्लास्टिकची प्लेट सोडवली आणि मी चष्मा सावरून आत वाकले. मुलगी बाजूच्या स्टुलावर बसून दुसऱ्या गिटारवर काहीतरी टुणटुणत होती. मी ऐकलं नाही. मला बघायचं होतं आत जागा किती आहे ते.

आता मला गिटारमधलं काय कळतं म्हणाल, तर वाजवण्यातलं शून्य. पण कॉईलमधलं कळतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात मी लग्नाआधीपासून कॉईल वाइंडिंगला आहे. केसाहून बारीक तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळायची, ताण जास्त झाला तर तुटते, कमी झाला तर ढिली बसते. तार तुटायच्या आधी बोटाला कळतं, ते कुणी शिकवून येत नाही. आता मी लाइनची सुपरवायझर आहे, तरी हात मशिनकडे जातोच. आणि इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांच्या खाली जो पिकअप नावाचा चपटा डबा बसवलेला असतो ना, ज्याच्यातून आवाज स्पीकरकडे जातो, तो म्हणजे दुसरं तिसरं काही नाही. लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली कॉईल! हे मला मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कळलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात नाचायचीच बाकी राहिले. सोळा वर्षांच्या पोरीच्या जगात मला काहीच कळत नव्हतं. तिची गाणी कळत नव्हती, तिच्या मैत्रिणींचं हसणं कळत नव्हतं. आणि अचानक तिच्या त्या जगात माझ्या ओळखीची एक वस्तू निघाली.

तिला गिटार हवी होती ती अगदी साध्या कारणासाठी. आम्ही बदलापूरला राहतो, कुळगावच्या बाजूला. आमच्या विहारात गाण्याची एक पार्टी आहे. जयंतीला ती मंडपात गाते. ढोलकी आहे, कीबोर्ड आहे, गाणाऱ्या मुली आहेत आणि हार्मोनियमवर मास्तर आहेत. मास्तर म्हणजे काही शाळेतले नव्हेत, सगळे त्यांना तसं म्हणतात. मुलगी तिच्या मैत्रिणीची गिटार मागून आणून वाजवायला शिकली होती. तिचं बघून मास्तरांनी एका गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये वाजणारा मधला पीस तिला दिला. "ह्या वर्षी हा तुकडा बाईमाणूस वाजवणार," असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, आणि माझी लाजाळू पोरगी त्या दिवशी घरी येऊन तीनदा जेवली असेल. मग मैत्रिणीचे वडील बदली होऊन गेले, सोबत तिची गिटारही गेली. तेव्हा तिने मला विचारलं, आपण एखादी घेऊ शकतो का. तिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

हो म्हटलं तिथे थांबायचं होतं. पण मी थांबणाऱ्यातली नाही.

आमच्या ऐपतीत बसणाऱ्या गिटारींचा आवाज कसा असतो, ह्यावर मी व्हिडिओ बघायला लागले. सगळीकडे एकच ऐकायला मिळायचं, की स्वस्तातल्या गिटारीत बाकी सगळं ठीक असतं, पिकअप मात्र हलका टाकतात. तेव्हा चांगलं लाकूड, सरळ मान आणि नीट फिरणाऱ्या खुंट्या बघून गिटार घ्या आणि पिकअप नंतर बदला. नंतर बदला! हे दोन शब्द ऐकले आणि मी ते सांगणाऱ्या व्हिडिओवाल्याच्या प्रेमातच पडले म्हणा ना. कारण आमच्या घराचं सगळं त्याच दोन शब्दांवर चाललंय.

आमच्याकडे वस्तू वाढत्या अंगाची घ्यायची पद्धत आहे. माझ्या आईची तीच, सासूबाईंची तीच, माझीही तीच. शाळेचा फ्रॉक घ्यायचा तो दोन मापं मोठा, खाली दुमडून शिवायचा. बूट घ्यायचे ते पुढे कापूस भरून चालतील असे. रेनकोट असा, की पोरगी दिसायलाच नको, नुसता रेनकोट चालत शाळेत जातोय असं वाटावं. फ्लॅटसुद्धा आम्ही वाढत्या अंगाचाच घेतला. बिल्डरने लिफ्टची जागा सोडली होती, लिफ्ट नंतर येणार होती. त्या जागेत आता सगळ्या बिल्डिंगच्या सायकली असतात. तर मुलीचं सगळं लहानपण बाह्या दुमडण्यात गेलं. आणि तो फ्रॉक जेव्हा अंगाला नीट बसायला लागायचा, तेव्हा त्याचा रंग उडालेला असायचा. तिने कधी कुरकुर केली नाही. मला वाटायचं, किती समजूतदार आहे माझं लेकरू. त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नव्हतं, हे आता कळतंय.

आमचे हे तेव्हा एकदाच बोलले होते. कंपनीतून आल्यावर चहा पिता पिता म्हणाले, "अगं, वाजवणार ती आहे ना? मग तिला काय पाहिजे ते विचार की."

"तुम्हाला कॉईलमधलं काय कळतं?" असं मी म्हटलं. म्हणजे बघा, गिटार मुलीची, प्रश्न नवऱ्याचा आणि उत्तर कॉईलचं. आमच्या घरात माझ्यापुढे सगळे लवकर गप्प बसतात.

तर त्या दुकानात दोन गिटारी होत्या. मुलीच्या मांडीवर होती ती छोटी होती. अंगाने हलकी, मान बारीक, जांभळा रंग. तिच्यात एकच पिकअप होता आणि तोही लाकडात घट्ट कोरून बसवलेला, नेहमीच्या मापाचा नसलेला. मी ज्या गिटारचं पोट उघडून घेतलं ती काळी, पूर्ण मापाची, वजनदार. आत भरपूर कोरलेली जागा, म्हणजे पुढे कुठलाही पिकअप आरामात बसला असता. तिची मान चांगली जाड होती. व्हिडिओवाल्याने एक गोष्ट घोळवून घोळवून सांगितली होती, की पिकअप बदलता येतो, खुंट्या बदलता येतात, वायरिंग बदलता येतं, पण मान हाताला बसली पाहिजे, तिथे तडजोड नाही. मला ते बरोबर आठवत होतं. म्हणून मी ती काळी गिटार उचलली, डाव्या हातात तिची मान धरली, मूठ आवळून बघितली आणि म्हटलं, "बसतेय की व्यवस्थित."

माझा हात! जिने आयुष्यात एक सूर वाजवलेला नाही, तिचा हात. माझे पंजे मोठे आहेत, माहेरी सगळ्यांचेच तसे. मुलगी गेली आहे तिच्या बाबांवर, लहानखुरी, बोटं आखूड. तिने काळी गिटार मांडीवर घेतली. वरच्या जाड तारेकडे बोटं नेताना तिचं मनगट वाकडं झालं, ते मी बघितलं. बघितलं आणि म्हटलं, "सवय होईल. हात काय, वाढेल अजून."

तिने जांभळीकडे एकदा बघितलं. "मम्मी, ही हातात छान येते," असं काहीतरी म्हणाली.

"तिच्यात पुढे काही करता येत नाही गं बाळा. ही घे, हिला मी असा पिकअप बनवून देते, की बदलापूरपासून कल्याणपर्यंत कुणाकडे नसेल."

"बरं," ती म्हणाली. शेठ मला म्हणाला, "भाभी, बच्ची को दूसरी पसंद है शायद." मी त्याला म्हटलं, "आप पैक करो."

पहिले काही दिवस ती त्याच गिटारवर सराव करायची. संध्याकाळी गॅलरीत बसून, शेठने सोबत दिलेल्या छोट्या स्पीकरला जोडून मधला पीस लावायची, चार सूर नीट जायचे आणि पाचव्याला बोट पोचायचं नाही. ती हात झटकायची, पुन्हा सुरुवात करायची. मी आतून भाकरी थापता थापता ऐकायचे ते फक्त आवाज कसा येतोय तेवढंच. आवाज खरंच टुकार होता. कोरडा, आणि मागे सारखी भणभण. मला ती भणभण सहनच होईना. एका रविवारी मी तारा काढल्या, पिकअप बाहेर काढला आणि म्हटलं, झालं, हे आता माझ्या ताब्यात.

आमच्या कारखान्याचे शेठ भले आहेत. जेवणाच्या सुट्टीत मशिन वापरायला त्यांनी ना केली नाही. तार उरलेल्या रिळांमधली घेतली. पहिली कॉईल तुटली. दुसरी नीट झाली, पण बसवल्यावर गिटार बोलायच्या ऐवजी किंचाळायला लागली. मग कळलं, की गुंडाळलेली कॉईल मेणात बुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर आतली तार थरथरते. मेण कुठून आणायचं? विहारात जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे एका डब्यात जमवून ठेवतात, ते मागून आणले आणि जुन्या पातेल्यात वितळवले. लाइनवरच्या बायका माझ्याभोवती जमायच्या. "ताई, हे कशाचं आहे?" "माझ्या पोरीच्या गिटारचं." हे सांगताना मला काय वाटायचं ते कसं सांगू! इतकी वर्षं मी ज्या कॉईली गुंडाळल्या त्या कुठल्या पंपात, कुठल्या लिफ्टमध्ये गेल्या कुणास ठाऊक. ही पहिली कॉईल अशी होती जिचा आवाज मला ऐकू येणार होता.

आणि ह्या सगळ्या काळात गिटार आमच्या दिवाणावर पोट उघडं टाकून पडलेली होती. मुलगी शाळेतून यायची, तिच्याकडे बघायची. एकदा मी कामावरून आले तेव्हा ती त्या तारा नसलेल्या गिटारीची मान धरून बसली होती आणि नुसत्या लाकडावर बोटं फिरवत होती. ओठांनी मधला पीस गुणगुणत होती. मला बघून ती म्हणाली, "मम्मी, जयंतीला थोडेच दिवस राहिलेत."

"होतंय गं. जरा धीर धर. एवढं करतेय ते कुणासाठी करतेय?"

हे वाक्य मी म्हटलं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. तिने काय उत्तर द्यायचं होतं ह्याला? ती म्हणाली, "मी मास्तरांना सांगते, की मी येते तालमीला नुसती बसायला." आणि गेलीही, नुसती बसायला.

शेवटी दोन कॉईली एकमेकींच्या उलट दिशेने गुंडाळून जोडल्या. एकीची भणभण दुसरीने खायची, अशी ती युक्ती असते. पिकअप बसवला, तारा चढवल्या, पार्टीच्या स्पीकरला जोडून मुलीने एक तार छेडली आणि मास्तरांनी हार्मोनियम थांबवली. भरलेला, गोल, स्वच्छ आवाज, आणि मागे काही नाही. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हे तुम्ही केलंत?" मी उगाच पदर सारखा केला. मुलगी पण हसली, खरं हसली. तिलाही तो आवाज आवडला होता, हे खोटं नाही. पण तेव्हा जयंती अगदी तोंडावर आली होती आणि त्या मानेवर तिचा हात अजून बसला नव्हता.

जयंतीच्या संध्याकाळी मंडप भरला होता. मी पांढरी साडी नेसून अगदी स्पीकरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. खुर्ची रिकामी होती तरी बसले नाही. मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं. गाणं सुरू झालं, ढोलकी आली, मुली गायला लागल्या आणि खालून माझी कॉईल वाजत होती. प्रत्येक ठोक्याला एक एक सूर, दणदणीत. मला वाटलं, ऐकताय ना सगळे? भणभण आहे का कुठे? मधला पीस आला आणि गेला. टाळ्या पडल्या. मी जोरजोरात मान हलवत होते.

कार्यक्रम संपल्यावर लोक मला भेटायला आले. हो, मला. "ताई, आवाज काय लागला हो!" शेजारच्या काकू म्हणाल्या, "गिटारवालीच्या आईने घरी बनवलं म्हणे." मी किती वेळ बोलत उभी होते काय माहीत. मुलगी गिटार पिशवीत भरून ह्यांच्याबरोबर पुढे निघून गेली. मी घरी पोचले तेव्हा ती कपडे बदलून डाव्या हाताला बाम लावत बसली होती. मी म्हटलं, "काय वाजवलंस गं!" ती म्हणाली, "हं."

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी ह्यांना शूटिंग दाखवायला बसले. ह्यांनी बघितलं आणि विचारलं, "पीस तर कीबोर्डवाल्याने वाजवला ना?"

"काहीतरीच काय! तिनेच वाजवला."

"अगं, ऐक ना नीट."

मी पुन्हा लावलं. मधल्या पीसचा तुकडा आला आणि तो कीबोर्डचा होता. स्पष्ट कीबोर्डचा, कुठल्याही लहान पोराला कळला असता. त्याच्या खाली गिटार वाजत होती ती एकाच तारेवर, नुसते ठेक्याचे सूर, ज्यासाठी मानेवर एकच बोट पुरतं. माझी कॉईल ते सूर ठोक्यासारखे देत होती आणि मी तिथे, दोन हातांवर, मान डोलवत उभी होते. ह्यांनी मला सांगितलं, की मास्तरांनी जयंतीच्या आधीच्या तालमीलाच पीस काढून घेतला. तिचं बोट पोचत नव्हतं, दुखत होतं, वेळही उरला नव्हता. हे तिने बाबांना सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं. "तुझी हौस मोडेल म्हणून," हे म्हणाले.

आणि त्या शूटिंगमध्ये आणखी एक गोष्ट होती, ती ह्यांनी दाखवली नाही, माझी मलाच दिसली. पूर्ण गाण्यात पडद्यावर गिटारचं पोट आहे. माझा पिकअप मधोमध, तिचा उजवा हात येतो आणि जातो. पण तिचा चेहरा नाही. गळ्यापर्यंतच आहे ती. एवढं मोठं गाणं, आणि मोबाइल जरासुद्धा वर करावा असं मला वाटलं नाही. मी चहाचा कप तसाच ठेवून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. रागाने रडले, आणि राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. घरात चुकीला बोलणारी मीच, आता मला बोलणार कोण?

मी तिला जवळ घेऊन चुकलं म्हणाले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगं मम्मी, काही नाही झालं. आवाज मस्त होता." मला ते जास्त लागलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मग काळी गिटार कपाटामागे गेली. परीक्षा आहे, अभ्यास आहे, असं होत होत ती तिथेच राहिली. एकदा मी पुसत होते तेव्हा मुलगी जाता जाता म्हणाली, "तू शीक ना मम्मी. तुझ्या हाताला ती बरोबर बसते." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायला तिला येतच नाही, ते सगळं माझ्याकडे राहिलंय.

मी एकटीच कॅम्प चारला गेले. ती जांभळी विकली गेली होती. तशाच बांध्याची एक हिरवी होती, तीच बारीक मान, तोच एक फालतू पिकअप. शेठने मला ओळखलं, "आओ भाभी, पेट खोलूँ?" मी हिरवी उचलली, डावा हात मानेवर गेला, मूठ आवळली आणि वाटलं, छे, किती लहान आहे ही, हिच्यात पुढे काय होणार. मग माझं माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. चटका बसल्यासारखी मी ती खाली ठेवली आणि शेठला म्हटलं, "इसको किसीको मत देना. रविवार को आती हूँ, बच्ची को लेके."

घरी मुलीला सांगितलं, की तू निवड, मी एक अक्षर बोलणार नाही. तिने पुस्तकातून डोकं वर केलं. "आणि नंतर त्यात काही बदलणार नाहीस ना?"

"नाही."

"उघडणार पण नाहीस?"

"नाही गं बाई, नाही!" मी ओरडलेच. मग आवाज खाली आणून म्हटलं, "नाही उघडणार."

रविवारी आम्ही गेलो. मी ठरवलं होतं, की दुकानाबाहेर उभं राहायचं. समोर लस्सीवाला होता, तिथे उभी राहिले, पण दुकान उघडंच, सगळं दिसत होतं. तिने हिरवी मांडीवर घेतली. स्पीकरला जोडली, तीच जुनी भणभण रस्त्यापर्यंत आली. मग तिने मधला पीस लावला. पाचवा सूर आला, सहावा आला, पूर्ण तुकडा सरळ गेला. एवढ्या दिवसांत हात लावला नव्हता, तरी गेला. तेव्हा मला समजलं, की तिला तो केव्हापासून येत होता. येतच होता. मी तिच्या हातात दुसरी वस्तू दिली होती.

मी लस्सीचा ग्लास ठेवला आणि न राहवून दुकानाच्या पायरीवर गेले. तिने वर बघितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, हीच घ्यायची. ती उठली, गिटार दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "तू धरून बघ ना. मला नीट कळत नाही."

मी हात पुढे केले नाहीत. मी ठरवलं होतं ना, हात लावायचा नाही, बोलायचं नाही. म्हणून पर्स घट्ट धरून उभी राहिले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा तसाच झाला, जसा प्रत्येक वेळी नवीन फ्रॉक अंगावर घालताना व्हायचा.

"नाही आवडली ना तुला?" ती म्हणाली. "राहू दे मग. आवाज पण बरा नाहीये." आणि तिने ती हळूच काउंटरवर ठेवून दिली.

"अगं नाही, छान आहे! घे. घे ना, घे." मी भांबावून एवढ्या जोरात म्हटलं, की शेठसुद्धा दचकला.

"नक्की?"

"नक्की. घे."

मग ती हसली आणि शेठने गिटार पिशवीत भरली. आता ती रोज संध्याकाळी गॅलरीत वाजवते. भणभण ऐकू येते, मी भाकरी थापत राहते, आणि स्क्रूड्रायव्हर ह्यांच्या डब्यात आहे, त्याला मी हात लावलेला नाही. पुढच्या जयंतीला पीस तिचाच आहे, असं मास्तर म्हणालेत. सगळं नीट झालं म्हणायचं. पण तिला ती खरंच हवी होती का, हे मी आता कधी विचारू शकणार नाही. विचारलं तर ती हो म्हणेल. कारण त्या दिवशीसुद्धा "घे" म्हणाले ते मीच.